विहिरीत शिकलेलं पोहणं आणि ट्रायथलॉन: प्रशिक्षकाकडून नेमकं काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४३, बडोद्यात मांजलपूरला राहतो, कंपनीत अभियंता आहे. पाच-सहा हाफ मॅरेथॉन पळून झाल्या, रविवारी ८०-९० किलोमीटर सायकल होते. पोहायला लहानपणी आजोळी, साताऱ्याकडे विहिरीत शिकलो. आता गोव्याच्या हाफ आयर्नमॅनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायच्या ट्रायथलॉनची, तयारी करायची आहे. तलावात २०० मीटरला ६ मिनिटं १० सेकंद लागतात आणि ४०० मीटरला १३ मिनिटं ३० सेकंद. त्यानंतर धाप लागते आणि कडेला धरून उभं राहावं लागतं. तीन महिने नियमाने पोहतोय, भरपूर व्हिडिओ पाहिले, पण वेळ सुधारत नाही. या वयात तज्ज्ञ प्रशिक्षक लावण्यात अर्थ आहे का? आणि लावायचा तर बडोद्यात कसा शोधायचा?

तुम्ही दोन अंतरांच्या वेळा दिल्यात ते फार चांगलं केलंत, अर्धं उत्तर त्यांच्यातच आहे. ४०० आणि २०० मीटरच्या वेळांतला फरक ७ मिनिटं २० सेकंद, अंतरातला फरक २०० मीटर. म्हणजे १०० मीटरला ३:४०. याला क्रिटिकल स्विम स्पीड म्हणतात. माणूस लांब अंतर साधारण कोणत्या वेगाने टिकवू शकेल याचा तो अंदाज असतो. हाफ आयर्नमॅनला पोहणं १.९ किलोमीटर. ३:४० गुणिले १९ केलं की ६९ मिनिटं ४० सेकंद येतात, आणि पोहण्याची कटऑफ वेळ, म्हणजे जिच्या आत पाण्याबाहेर यावंच लागतं ती, ७० मिनिटं असते. समुद्रात दर २५ मीटरला पाय लावून ढकलायला भिंत नसते आणि तळाशी सरळ नेणारी काळी रेघही नसते. आजच्या पोहण्यावर तुम्ही गोव्याला गेलात, तर सायकलला हात लागायच्या आत शर्यत संपण्याची शक्यता खरी आहे.

आता दुसरी बाजू बघा. नुसतं २०० मीटर पोहताना तुमचा वेग १०० मीटरला ३:०५ आहे आणि अंतर दुप्पट झालं की तो इतका कोसळतो. जो माणूस २१ किलोमीटर पळतो त्याचं हृदय आणि फुप्फुसं तेरा मिनिटांत हात टेकणार नाहीत. तुमचा दम कमी नाही, तो वाया जातोय. म्हणूनच तीन महिने रोज पोहूनही वेळ हलली नाही. जे चुकतंय तेच तुम्ही रोज घोटवत होतात.

प्रशिक्षक हवा की नको, याचं उत्तर इथून निघतं. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांच्या नावाने आपल्या सगळ्या बडोदेकरांना माहीत असलेलं. मल्लखांबावर मुलाची पकड चुकली तर तो घसरतो. चूक झाली हे त्याला सांगावं लागत नाही, ती कशी सुधारायची ते सांगावं लागतं. पळतानाही तुम्हाला आपली पावलं दिसतात, त्यांचा आवाज ऐकू येतो. पाण्यात यातलं काहीच नसतं. चेहरा खाली, कान बंद, शरीराला आधार नाही आणि वजन जाणवत नाही. माझे पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आहेत असं शपथेवर सांगणाऱ्या माणसाचे पाय दोन फूट खाली लोंबताना मी शेकडो वेळा पाहिले आहेत. तो खोटं बोलत नसतो, त्याला तसं खरंच वाटत असतं. प्रशिक्षकाकडून पहिल्यांदा घ्यायची ती नजर. व्यायाम, वेळापत्रक, शिस्त हे तुमच्याकडे आधीच आहे, बहुतेक माझ्यापेक्षा जास्त.

व्हिडिओ पाहण्याने नुकसान होत नाही, पण त्यात बरोबर पोहणारा माणूस दिसतो, तुम्ही दिसत नाही. दुसरी एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. परदेशी ट्रायथलॉनचे बरेचसे सल्ले वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, गृहीत धरून दिलेले असतात. वेटसूट पाय तरंगवतो, त्यामुळे तिकडचा हौशी खेळाडू पायांची चूक कपड्यावर झाकून नेतो. आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे वयोगटातल्या (हौशी) स्पर्धकाला पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर वेटसूट घालून बक्षिसासाठी पात्र ठरता येत नाही, आणि गोव्याचं पाणी त्याहून कोमट असतं. आपले पाय आपल्यालाच वर ठेवायचे आहेत.

आता विहिरीबद्दल. तुमचा प्रश्न वाचताना माझी नजर त्या शब्दावरच थांबली. माझे वडीलही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकले होते. त्या शिक्षणाची मला मनापासून कदर आहे. खोल पाण्याची भीती त्यात कायमची जाते, आणि मोठेपणी शिकणाऱ्या माणसाच्या मनातून ती काढायला मला कधीकधी सहा सहा महिने लागतात. पण विहिरीत काय शिकवलं जायचं? डोकं वर ठेवायचं, काठ बघायचा, पाय मारून वर राहायचं. दहा-बारा हातांवर तर पलीकडची भिंत. लांब पोहायची गरजच नव्हती. ते डोकं तीस-पस्तीस वर्षांनंतरही वरच राहतं. चेहरा पाण्यात घातला तरी नजर पुढे असते, कपाळाने पाणी ढकललं जातं आणि मान आखडते. माणसाचं शरीर पाण्यात तराजूसारखं असतं. छातीत हवा म्हणून छाती तरंगते, पायांत हाडं आणि स्नायू म्हणून पाय बुडतात. डोकं उचललं की पाय आणखी खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, त्यामुळे खाली लोंबणारे पाय म्हणजे मागे बांधलेली बादली. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जोर लावून दुप्पट वेगाने जायला गेलात तर विरोध चौपट होतो. त्यामुळे आधी विरोध कमी करायचा आणि मग ताकद लावायची. पळणारी माणसं नेमकं उलटं करतात.

तुम्हाला न पाहता मी छातीठोक निदान करणार नाही. पण विहिरीत शिकलेले, चांगले पळणारे आणि ४०० मीटरला धापणारे जे जे माझ्याकडे आले, त्यांच्यात तीन गोष्टी जवळजवळ नेहमी सापडल्या: रोखलेला श्वास, बुडलेले पाय आणि नुसतंच पाणी कापत जाणारा हात. त्यांत श्वास सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

पळताना श्वास मोकळा असतो, हवा तेव्हा घेता येतो. पोहताना तो हाताच्या तालाशी बांधलेला असतो. नवशिका काय करतो, तोंड पाण्यात असेपर्यंत श्वास धरून ठेवतो आणि तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायला बघतो. सोडणं अर्धवट राहतं, म्हणून घेणंही अर्धवट होतं. छातीत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आपल्याला जी धाप जाणवते, गुदमरल्यासारखं होतं, ते मुख्यतः हा वायू वाढल्यामुळे, प्राणवायू संपल्यामुळे नाही. म्हणून ४०० मीटरनंतर कडेला उभं राहिल्यावर तुम्ही दोन मिनिटांत पुन्हा ताजे होत असणार. पाय दुखत नसतील, हात भरून आले नसतील, फक्त हवा हवीशी वाटत असेल. मी म्हणते तसं होतंय का, उद्या नीट बघा. होत असेल तर खुणेची गाठ पटली.

यावर उपाय साधा आहे, पण तो कंटाळा न करता करावा लागतो. रोज पाण्यात उतरल्यावर पहिली पाच मिनिटं पोहायचंच नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहून डुबक्या मारायच्या. पाण्याखाली नाकातोंडाने हळूहळू, न थांबता बुडबुडे सोडायचे, गुणगुणल्यासारखा 'हूं' आवाज काढत. वर येऊन फक्त घ्यायचं. अशा वीस डुबक्या. मग कडेला धरून पाय मारत तेच, मग २५ मीटर पोहत तेच. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, शरीराबरोबर बाजूला वळवायचं. एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर, इतकंच. माझ्याकडे एक बँकेतले गृहस्थ यायचे, वय पन्नाशीच्या पुढचं. त्यांना पहिले पंधरा दिवस मी याशिवाय काही करू दिलं नाही. ते माझ्यावर नाराज होते. सोळाव्या दिवशी ते न थांबता ३०० मीटर पोहले. हात आणि पाय होते तसेच होते.

एक ताकीद इथेच देते. श्वास वाढवायचा म्हणून पाण्याखाली दम धरून अंतर कापण्याचे प्रयोग एकट्याने करू नका, आणि त्याआधी भराभर खोल श्वास तर अजिबात घेऊ नका. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड उतरतो, शरीराची घंटा वाजत नाही आणि माणूस पाण्याखाली कसलीही सूचना न मिळता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच यात जातात.

पायांचं म्हणाल तर धावपटू आणि सायकलवाल्यांचे घोटे ताठ असतात. पळायला ते ताठ असणं फायद्याचं, पोहायला नुकसानीचं. पाऊल मागे सरळ ताणलं जात नाही, ते आकड्यासारखं पाणी अडवतं. हातात फळी धरून नुसते पाय मारायला सांगितलं तर काही जण जागच्या जागी राहतात, दोघे-तिघे तर मागे जाताना मी पाहिलेत. घरी रोज वज्रासनात बसा, जेवणानंतर दहा मिनिटं. घोट्यांसाठी याहून चांगला आणि फुकटचा व्यायाम मला माहीत नाही. पाय मांडीच्या सांध्यापासून मारायचे, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे नाही. आणि जोरात मारायचेच नाहीत. पुढे ९० किलोमीटर सायकल आणि २१ किलोमीटर पळणं आहे, पाय त्यांच्यासाठी राखायचे. एका हाताला एक लाथ, तीसुद्धा शरीर वळवण्यापुरती, एवढं लांब अंतराला पुरतं.

हाताबद्दल थोडक्यात, कारण ते लिहून शिकवता येत नाही. हात पुढे गेल्यावर कोपर वर राहिलं पाहिजे आणि पंजापासून कोपरापर्यंतच्या भागाने पाणी मागे ढकललं गेलं पाहिजे, आडव्या पिंपावरून हात टाकून ते जवळ ओढावं तसं. तुमचं कोपर खाली पडत असेल तर हात लोण्यातून सुरी फिरावी तसा नुसता फिरतो. मुठी वळून २५ मीटर पोहून बघा आणि लगेच मुठी उघडून २५ मीटर. पाणी हाताला लागणं म्हणजे काय ते तेव्हा कळतं. यात मोजता येणारी गोष्ट एकच, ती आजपासून मोजा: २५ मीटरला किती हात पडतात. तुमच्या वेगाला ते २८ च्या आसपास असतील असा माझा अंदाज आहे. भिंतीचा धक्का सोडला तर २० मीटरला २८, म्हणजे एका हाताला ७१ सेंटिमीटर. ते २२ वर आले तर एका हाताला ९१ सेंटिमीटर. समुद्रातल्या १९०० मीटरला सुमारे २६६० हातांऐवजी २०९० पडतील. पावणेसहाशे हात वाचतात.

हँड पॅडल, म्हणजे पंजाला लावायच्या प्लॅस्टिकच्या चकत्या, मात्र पहिले सहा महिने विकत घेऊ नका. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्या त्या वेळच्या प्रशिक्षकांनी मोठी पॅडल लावून मैलोन्मैल पोहायला लावलं, तेही अंगठा आधी पाण्यात घालण्याच्या जुन्या पद्धतीने. त्या पद्धतीत खांदा प्रत्येक वेळी आत पिळला जातो. माझा उजवा खांदा आजही थंडीत ठणकतो, आणि राष्ट्रीय पातळीवर पोहण्याचं माझं स्वप्न तिथेच संपलं. प्रशिक्षक चुकीचा असला तर काय होतं हे मी स्वतःच्या अंगावर भोगलंय, म्हणून कोणाकडेही जा असं मी सांगू शकत नाही.

मग कोणाकडे जायचं? माणसाचं नाव मी सुचवणार नाही, पारख कशी करायची ते सांगते. तलावावर पांढरा टी-शर्ट आणि शिट्टी असलेला प्रत्येक जण प्रशिक्षक नसतो. जीवरक्षकाचं काम वेगळं, ते फार मोलाचं आहे, पण ते शिकवणं नव्हे. एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा आहे का ते विचारा. असेल तर पाया पक्का असतो. पण त्यावर थांबू नका, एक तास काठावर बसून त्याचा वर्ग बघा. तो पोहणाऱ्यांकडे बघतो की मोबाइलकडे? एका वेळी एकच चूक सांगतो की दहा गोष्टी ओरडतो? मोठ्या माणसांना शिकवताना त्याचा सूर बदलतो का? दहा वर्षांच्या मुलाला ५० मीटर वेगाने पोहायला तयार करणं आणि त्रेचाळीस वर्षांच्या, खुर्चीत बसून खांदे आखडलेल्या माणसाला दोन किलोमीटर शांतपणे पोहायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. तरीही माझं मत विचाराल, तर स्वतः आयर्नमॅन झालेल्या पण शिकवण्याचा अनुभव नसलेल्या मित्रापेक्षा वर्षानुवर्षं रोज मुलांना शिकवणारा जुना प्रशिक्षक बरा. त्याच्या नजरेला हजारो शरीरं पाहिल्याची सवय असते. ट्रायथलॉनचं जे वेगळं आहे ते त्याला तुम्ही सांगू शकता.

पहिल्या भेटीत चांगला प्रशिक्षक बोलतच नाही. तो तुम्हाला २०० मीटर पोहायला सांगतो, एकदा समोरून बघतो, एकदा बाजूने, आणि गॉगल लावून स्वतः पाण्याखाली जाऊन बघतो. खरी चूक पाण्याखालीच दिसते. काठावरून बघून निदान करणारा म्हणजे शर्टावरून नाडी बघणारा वैद्य. आता पाण्यात चालणारे छोटे कॅमेरे आले आहेत, त्यावर तुमचं पोहणं टिपून तो तिथल्या तिथे दाखवू शकला तर फारच उत्तम. माझ्या एका विद्यार्थिनीने स्वतःचा पहिला व्हिडिओ पाहिला आणि ती म्हणाली, "बाई, ही मी नाहीच." तिथून पुढे तिला दोनच गोष्टी सांगाव्या लागल्या. प्रशिक्षक पहिल्याच दिवशी तुम्हाला १ किलोमीटर पोहायला लावत असेल, तर नम्रपणे निरोप घ्या.

जागेचं म्हणाल तर लालबाग, सरदारबाग, कारेलीबाग इथले महापालिकेचे तलाव आहेत, काही क्लबांचे आणि शाळांचे आहेत. मांजलपूरहून लालबाग तुम्हाला सोयीचं पडेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र महापालिकेच्या बॅचमध्ये मुलांची इतकी गर्दी असते की सरळ रेषेत २५ मीटर पोहणं मुश्किल होतं. शक्य असेल तर पहाटेची पहिली बॅच घ्या. सोसायटीच्या तलावात सराव करणार असाल तर त्याची लांबी आधी फीत लावून मोजा. २५ मीटर सांगितलेला तलाव १८-२० मीटरचा निघतो आणि मग सगळे हिशेब चुकतात. लांबी सांगणाऱ्या मनगटावरच्या घड्याळावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, लॅप हातानेच मोजा.

पैशांची चिंता तुमच्या मनात असेल, तर ती रास्त आहे. वर्षभर रोजचा वैयक्तिक प्रशिक्षक तुम्हाला लागणार नाही, आणि तो उपयोगाचाही नाही. शिकलेली गोष्ट अंगात मुरायला मधले दिवस लागतात. पहिले सहा आठवडे आठवड्याला एक वैयक्तिक तास घ्या आणि मधे तीन दिवस त्याच एका गोष्टीवर अर्धा-अर्धा तास स्वतः काम करा. त्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा, शेवटच्या दोन महिन्यांत महिन्यातून एकदा. रविवारी एकदम दोन तास पोहण्यापेक्षा चार दिवस अर्धा तास कितीतरी चांगलं. पाण्याची जाण चार दिवस पाण्याबाहेर राहिलं तरी बोथट होते, हे माझ्याही बाबतीत खरं आहे. बाहेरगावच्या नामांकित प्रशिक्षकाला व्हिडिओ पाठवून सल्ला घेण्याची सोय आहे, पण ती दुसऱ्या टप्प्यात वापरा. सुरुवातीला हात धरून कोपर वर करणारा माणूस काठावर हवा.

या सहा आठवड्यांत सलग ४०० मीटर पोहणं बंद. २५ मीटर पोहायचं, श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबायचं, हात मोजायचे, पुन्हा २५. अशी वीस-चोवीस. हात वाढायला लागले की त्या दिवशीचा सराव संपला, पुढे फक्त चुका पक्क्या होतात. पळणाऱ्या माणसाला हे फार जड जातं, घाम आला नाही म्हणजे काही झालंच नाही असं त्याला वाटतं. सहा आठवड्यांनी ५० मीटरची वीस, मधे वीस सेकंद विश्रांती. मग १०० मीटरची दहा, ३:२० मध्ये प्रत्येकी, आणि हळूहळू ती वेळ खाली आणत. आठवड्यातून एकदाच लांब पोहणं, तेही तिसऱ्या महिन्यापासून. दर सहा आठवड्यांनी २०० आणि ४०० ची चाचणी पुन्हा घ्या आणि वर केलेला हिशेब मांडा. दोन्ही वेळांमधली दरी कमी झाली म्हणजे श्वास सुधारला.

आता मोकळं पाणी. बडोद्याची अडचण इथे आहे आणि तिच्याशी खेळ नको. विश्वामित्रीत मगरी आहेत हे शेंबडं पोरही सांगेल, पावसाळ्यात त्या सोसायट्यांच्या आवारात येतात. आजव्याच्या सरोवरातही त्या आहेत, शिवाय ते शहराच्या पिण्याचं पाणी आहे. नर्मदेवर चांदोदला जाऊन सराव करू असं म्हणणारे उत्साही लोक मला भेटतात, त्यांनाही मी हेच सांगते, नर्मदेतही मगरी आहेत. जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, ओढ प्रचंड आणि किनारा चिखलाचा. तो पोहण्यासाठी नाहीच. समुद्राची सवय करायला पोरबंदर, दीव किंवा सरळ गोवा गाठावं, आणि तिथे नेहमी पोहणाऱ्या स्थानिक गटाबरोबरच पाण्यात उतरावं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्र पोहण्याच्या स्पर्धा होतात, वेगवेगळ्या अंतरांच्या. आपल्या माणसांत पहिला अनुभव घ्यायला ती जागा मला फार आवडते. तुमची शर्यत त्याआधी असेल तर पुढच्या वर्षी जा.

पण समुद्राचा बराचसा सराव तलावातच होतो. सकाळच्या बॅचमधल्या तिघा-चौघांना तयार करा आणि एकाच लेनमध्ये खेटून पोहा, अंगाला हात लागू द्या, तोंडावर पाणी येऊ द्या. भिंतीला न शिवता अलीकडूनच वळा. डोळे मिटून आठ हात मारा आणि उघडा, आपण कोणत्या बाजूला वाहवतो ते कळेल. पुढच्या माणसाच्या पायांमागे किंवा कंबरेपाशी राहून पोहायला शिका. पोहताना हा आडोसा घ्यायला परवानगी असते आणि तो बरेच श्रम वाचवतो. आणि दिशा बघायला शिका. बॉय, म्हणजे मार्ग दाखवणारा पाण्यावरचा तरंगता फुगा, दिसावा म्हणून पूर्ण डोकं उचललं तर तुमची ती जुनी विहीर परत येईल. फक्त डोळे पाण्यावर यायला हवेत, नाक आणि तोंड खालीच, मग त्याच ओघात डोकं बाजूला वळवून श्वास. जगभरचे प्रशिक्षक याला मगरीचे डोळे म्हणतात. बडोदेकराला ते समजावून सांगावं लागत नाही, कमाटीबागेच्या पुलावर उभं राहून त्याने ते पाहिलेलंच असतं.

मी स्वतः पहिल्यांदा समुद्रात पोहले तेव्हा फक्त उजवीकडे श्वास घ्यायची सवय होती. लाटा उजवीकडूनच येत होत्या. दर श्वासाला तोंडात पाणी, आणि मी डावीकडे किती वाहवत गेले ते बोटीवाल्याने ओरडून सांगेपर्यंत कळलं नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे. शर्यतीत सोयीच्या बाजूने घ्या, पण दुसरी बाजू येत असली पाहिजे.

समुद्रात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे पाय थोडे आपोआप वर येतात. विरुद्ध बाजूची गोष्ट म्हणजे पहिले २०० मीटर. गर्दी, शिट्टी, लाटा, तळ दिसत नाही, आणि छाती आवळल्यासारखी होते. चांगल्या चांगल्यांना होतं. अशा वेळी उताणं व्हा, तरंगा, पन्नासपर्यंत मोजा. ट्रायथलॉनमध्ये कोणत्याही पद्धतीने पोहायला परवानगी असते, थोडा वेळ ब्रेस्टस्ट्रोक मारला तर कोणी बाद करत नाही. मदतीच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून विश्रांतीही घेता येते, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही.

वय ४३ आहे म्हणून आणखी एक. ट्रायथलॉनमध्ये जे थोडे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात. हृदयाची तपासणी, डॉक्टर सांगतील त्या चाचण्यांसह, शर्यतीचे पैसे भरण्याआधी करून घ्या. आणि पोहताना अचानक खोकला येऊ लागला, छातीत घरघर झाली, थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर ती दमल्याची खूण नव्हे. फुप्फुसात पाणी साठण्याचा एक प्रकार पोहताना होतो. ताबडतोब हात वर करून मदत मागा आणि पाण्याबाहेर या.

गोव्याला शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी पोचा. पोहणं जिथे होतं तो मिरामारचा किनारा मांडवीच्या मुखाशी आहे, तलावासारखा तळ दिसणारा नितळपणा तिथे धरून चालू नका. शर्यतीच्या वेळेलाच, सकाळी, दोन दिवस पंधरा-वीस मिनिटं पोहा आणि किनाऱ्यावरची एखादी उंच खूण ठरवून घ्या. त्याआधी, याच आठवड्यात, २५ मीटरला किती हात पडतात ते मोजा आणि एका मित्राला काठावर उभं करून बाजूने तुमचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. प्रशिक्षकाकडे पहिल्या दिवशी जाल तेव्हा तो व्हिडिओ आणि तो आकडा घेऊन जा.